सुधाकर कामाला निघतो तेव्हा

कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर हवा बदलते. पाटणकडचा कोरडा, अंगाला झोंबणारा वारा मागे राहतो आणि ओलसर, जड, मातीचा आणि सुपारीच्या बागांचा वास घेतलेली हवा गाडीच्या खिडकीतून आत येते. घाट संपतो तिथे पोफळी. नवखा माणूस इथे आला की धरण शोधतो. धरण इथे नाही. ते डोंगरापलीकडे, कोयनेवर. पोफळीत आहे तो डोंगराच्या आत जाणारा बोगदा आणि पोटात कोरून काढलेलं वीजघर. कोयनेचं जे पाणी कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जायचं, ते इथे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं, चाकं फिरवतं, कोळकेवाडीत पुन्हा साठतं, पुन्हा कामाला लावलं जातं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत उतरतं. पोफळीच्या वीजघराचा पहिला संच १९६२ साली सुरू झाला. एका नदीचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवणं, हे या गावानं जवळून पाहिलेलं आहे.

त्या वीजघरात दिवस-रात्र नसते. दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या घुमणाऱ्या आवाजात तीन पाळ्या चालतात. माणूस दुपारी आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा रातकिडे ओरडत असतात. अशा कामावरची माणसं महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतून आली आणि वसाहतीत शेजारी शेजारी राहिली. कुणी सांगलीकडचं, कुणी वऱ्हाडातलं, कुणी इथल्याच वाडीतलं. या सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या. गणपती होता आणि गणपतीतलं नाटक होतं. पाऊस पत्र्यावर कोसळत असायचा, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला नटाला छातीतून बोलावं लागायचं. तिथे शिकलेला आवाज मला पुढे शाळेत मुलांना शिकवताना जन्मभर पुरला.

त्या रंगमंचावर मी 'एकच प्याला'तली सिंधू केली.

राम गणेश गडकऱ्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिलं नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला त्यांचं निधन झालं, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. भरजरी शालूत पाहायची सवय झालेल्या बालगंधर्वांना प्रेक्षकांनी जुनेरात, जात्यावर दळताना पाहिलं, आणि त्या दिवसापासून हे नाटक लोकांच्या मनात सिंधूचं झालं. ते साहजिक होतं. पण त्यामुळे एक नुकसान झालं असं मला वाटतं. नाटक ज्याच्यावर लिहिलेलं आहे, तो माणूस आपल्या नजरेच्या कडेला गेला. सुधाकर म्हटलं की आपल्याला झिंगलेला नवरा आठवतो, पडलेला पेला आठवतो, आणि शेवटी विष कालवून घेतलेला प्याला आठवतो. या दोन टोकांच्या मध्ये हा माणूस एकदा उभा राहिला होता, हे कुणाला आठवत नाही.

सुधाकर मुळात दारुडा नाही, तो बुद्धिमान, मानी वकील आहे. कोर्टात अपमान होतो, ताठा दुखावतो, तोंडातून नको ते जातं आणि सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. त्या जळत्या घटकेला त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पेला देतो. पुढची उतरण आपल्याला माहीत आहे. पण दारू ही त्याची दुसरी खोड आहे. पहिली खोड ताठा. त्याच ताठ्यानं तो सिंधूला माहेरची आणि परक्याची मदत घेऊ देत नाही, म्हणून ती दुसऱ्यांचं दळण दळते. त्याच ताठ्यानं तो मित्राचा, रामलालचा हात झिडकारतो. गडकऱ्यांनी खलपुरुष बाहेर ठेवला नाही. तळीराम निमित्त आहे, आणि तो स्वतः तर शेवटपर्यंत पेल्यालाच देव मानतो. सुधाकराचा शत्रू सुधाकराच्याच अंगात बसलेला आहे.

आणि तरीही तो एकदा उभा राहतो. तान्ह्या मुलाकडे, सिंधूच्या हाताच्या घट्ट्यांकडे बघून तो दारू सोडायचं ठरवतो. नुसतं ठरवत नाही, घराबाहेर पडतो. ज्याला वकिलीच्या दिवसांत लोक वाट करून देत होते, तो माणूस ओळखीच्या प्रतिष्ठितांपुढे काम मागायला जाऊन उभा राहतो. मिळेल ते काम, कितीही हलकं. जो ताठा त्याला इथवर घेऊन आला, तो त्यानं उंबऱ्याशी काढून ठेवलेला असतो. शोकांतिकेतल्या नायकाचा उद्धार जर कुठे असेल तर तो याच प्रवेशात आहे, असं मी मानते. बाकीचे लोक तो शेवटच्या प्रवेशात शोधतात.

इथे त्याला काय मिळतं? कुणी टोमणा मारतो, कुणी हसतो, कुणी उपदेश करतो. काम कुणीच देत नाही. तो परत फिरतो, आणि परत फिरलेला सुधाकर पहिल्यापेक्षा वाईट असतो, कारण आता त्याच्यापाशी आशाही उरलेली नसते. यानंतरच ते मूल जातं. यानंतरच सिंधू घायाळ होते.

शेक्सपिअरच्या साच्यातली शोकांतिका मराठीला नवी नव्हती. 'ऑथेल्लो'वरून देवलांनी 'झुंजारराव' १८९० साली आणलं होतं. तिथे नायकाच्या डोळ्यांवरची झापड खुनानंतर उघडते. सत्य कळतं, पश्चात्ताप होतो आणि तो स्वतःला संपवतो. आधी पाप, मग उजेड, मग मरण. गडकऱ्यांनी हा क्रम मोडला. सुधाकराला उजेड आधी मिळतो. त्याला आपण काय झालो आहोत ते पुरतं दिसलेलं असतं, तो तोंडानं कबूल करतो, पायांनी चालत जातो, आणि मग त्याच्या हातून खून होतो. हे मला ऑथेल्लोपेक्षा भयंकर वाटतं. ऑथेल्लोला वाचवायला वेळ नव्हता. सुधाकराला वाचवायला वेळ होता, माणसं होती, दारं होती.

तालमी सुरू झाल्या तेव्हा नेमका हाच प्रवेश गळणार होता. मूळ नाटक लांब, आणि पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांना झोप हवी. दिग्दर्शक वसाहतीतले एक बुजुर्ग, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी लाल पेन्सिलीनं पानावर तिरकी रेघ ओढली आणि म्हणाले, "हे गेलं तरी कथा कळते." कथा कळत होती, यात शंका नाही. नवरा पितो, सोडतो म्हणतो, परत पितो. आमच्या सुधाकरानं मात्र हट्ट धरला. तो वीजघरात ऑपरेटर होता, मोजकं बोलायचा. "अण्णा, हा प्रवेश काढलात तर तो परत का प्यायला लागतो?" अण्णांनी उत्तर दिलं, "सवय." सुधाकर म्हणाला, "मग ते नाटक नाही झालं, ती बातमी झाली." रेघ खोडरबरानं पुसली गेली. कागदावर तांबूस डाग राहिला.

आमच्या प्रयोगाचं सामान साधं होतं. जातं खरंखुरं, शेजारच्या वाडीतून दोघांनी उचलून आणलेलं. वरच्या तळीला लाकडी खुंटा नवा ठोकावा लागला. दारू म्हणजे कोरा चहा, गूळ घालून, रंग गडद यावा म्हणून उकळून उकळून आटवलेला. पेला स्टीलचा चालेना, दिव्यात चमकायचा, म्हणून काचेचा आणला, आणि तो फुटू नये म्हणून तालमीभर एका फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. प्रॉम्प्टिंगला विंगेत एक गृहस्थ बसायचे. कधीकाळी ते स्वतः पीत असत, कामावरून काढले गेले होते, आणि सोडल्यावर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना ठेवून घेतलं होतं. कोरा चहा त्यांच्याच टपरीवरून यायचा. हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

प्रयोगाच्या रात्री तो प्रवेश आला. मी विंगेत, पुढच्या प्रवेशाच्या फाटक्या लुगड्यात उभी. मंचावर तिघे-चौघे प्रतिष्ठित गृहस्थ पान खात बसलेले, आणि समोर आमचा सुधाकर, हात कुठे ठेवावेत हे न कळून ते एकदा मागे, एकदा पुढे घेणारा. तालमीत हे हात नव्हते. त्याच रात्री आले. एकानं टोमणा मारला, दुसरा हसला. आता सुधाकराचं पुढचं वाक्य. ते आलं नाही. तो अडला. मी वळून बघितलं तर प्रॉम्प्टरच्या हातात वही तशीच उघडी, बोट ओळीवर टेकलेलं, आणि माणूस बोलत नव्हता. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पत्र्यावर पाऊस. आणि पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या एका म्हातारीचा आवाज, चढा, रागावलेला:

"अरं, ठेवा रं त्याला कामावर कुनीतरी!"

कुणी हसलं नाही. मंचावरच्या गृहस्थांपैकी एकाचा चेहरा असा झाला की तो आता खरंच "ये उद्यापासून" म्हणणार, असं मला वाटलं. पण नाटक लिहिलेलं असतं. त्यानं मान फिरवली, सुधाकराला वाक्य आठवलं, प्रयोग पुढे गेला.

त्या म्हातारीनं नाट्यशास्त्र वाचलेलं नव्हतं. शोकांतिकेत काय होणार हे तिला माहीत असेलही, गावात 'एकच प्याला' नवा नव्हता. तरी तिनं नाटक थांबवायचा प्रयत्न केला, आणि बरोबर त्या जागी केला जिथे ते थांबवता येत होतं. शेवटी सुधाकर विष घेतो तेव्हा ती काही बोलली नाही. तिथे बोलण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

कोकणाच्या मातीत हे कुठेतरी आधीपासूनच आहे. शिमग्यात नमन-खेळे निघाले की संकासूर येतो. काळा पेहराव, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पुराणात हा शंखासूर, वेद चोरणारा, मत्स्यावतारात विष्णूनं मारलेला. पण आमच्याकडे पोरं त्याच्या मागे धावतात, बायका त्याच्यापुढे पोर धरतात, नवस बोलतात. पुराणानं ज्याला मारलं त्याला या लोकांनी अंगणात नाचायला बोलावलं. त्याची चोरी कुणी विसरलं नाही, ती तर दरवर्षी सांगितली जाते. चोरी सांगायची आणि तरी अंगण द्यायचं, दोन्ही एकाच वेळी. हे एवढं मोठं मन शिमग्याच्या त्या रात्रींपुरतं का राहतं, हा प्रश्न मला त्या प्रयोगानंतर सुटेना.

आणि गडकऱ्यांनी तर नाटकातच उत्तर ठेवलेलं आहे. भगीरथ. तोही पितो, तोही तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात बसतो, प्रेमभंगानं खचलेला तरुण पोरगा. रामलाल त्याला तिथून बाहेर काढतो, आणि बाहेर काढून नुसता उपदेश करत नाही, त्याला सेवेचं काम देतो, विश्वास देतो. भगीरथ तरतो. एकाच नाटकात, एकाच व्यसनातले दोघे. एकाला काम मिळालं, दुसऱ्याला टोमणा मिळाला. रामलाल स्वतः काही देवमाणूस नाही. सुधाकराच्या बहिणीबद्दल, मुलीसारख्या शरदबद्दल त्याच्याही मनात वासना येते, ती तो ओळखतो, कबूल करतो आणि आवरतो. गडकऱ्यांच्या या नाटकात पाय घसरलेला नाही असा पुरुष शोधावाच लागेल. फरक एवढाच की कुणाच्या घसरत्या पायाखाली कुणी काही ठेवलं, कुणाच्या नाही.

भगीरथासारखा सावरलेला तरुण मराठी रंगभूमीनं पुढेही पाहिला. चिपळूण पोफळीहून जवळ, आणि चिपळूण म्हणजे डॉ. काशिनाथ घाणेकरांचं जन्मगाव. दातांचे डॉक्टर असलेल्या या नटानं १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी उभा केला, आणि नंतर वसंत कानेटकरांच्याच 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. लाल्या हा वाया गेलेला, मस्तीखोर विद्यार्थी. प्राचार्य विद्यानंद त्याच्यावर विश्वास टाकतात, तो माणसात येतो. पुढे खोट्या आरोपानं विद्यानंदच कोसळतात, सूडानं पेटून वाईट मार्गाला लागतात, आणि पोलीस अधिकारी झालेला लाल्या त्यांच्यापुढे उभा राहतो, घेतलेला विश्वास परत करायला. या भूमिकेला महाराष्ट्रानं टाळ्या दिल्या, शिट्ट्या दिल्या. त्या टाळ्यांत लोकांची एक खोल इच्छा होती असं मला वाटतं: कुणीतरी वाया गेलेला परत यावा आणि त्याला परत घेणारं कुणी असावं.

आता सिंधूबद्दल, कारण ती मी केली आहे आणि तिच्या बाजूनं बोलायचा मला हक्क आहे. मरणाच्या दारात पडलेली सिंधू फौजदारापुढे नवऱ्याला वाचवते, खोटं बोलते. त्या प्रवेशाला हुंदके ऐकू येतात, मंचावरूनही. पुष्कळांना वाटतं की सुधाकराचं पाप तिथे धुतलं गेलं, सतीच्या क्षमेनं. ते शब्द मी तोंडानं उच्चारले आहेत, आणि उच्चारताना मला एकदाही असं वाटलं नाही की यानं कुणी तरतो आहे. मला राग येत होता. सुधाकरावर कमी, पान खाणाऱ्या त्या गृहस्थांवर जास्त. चार घरांनी मिळून जे करायचं होतं ते न केल्यामुळे ते एका बाईच्या अंगावर आलं, आणि तिनं ते जीव देऊन केलं, तेही वेळ निघून गेल्यावर. मेलेलं मूल त्या क्षमेनं उठत नाही. सिंधूच्या त्यागाचे गोडवे गाताना आपण हे झाकून टाकतो. सुधाकराला बायकोची क्षमा नको होती, ती तर त्याला पहिल्यापासून मिळतच होती. त्याला नोकरी हवी होती.

पोफळीत राहून हे जास्त बोचतं. सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला वळवायचं ठरलं तेव्हा कुणी पाण्याला सांगितलं नाही की तुझा निश्चय पक्का असेल तर तू वळशील. धरण बांधलं, बोगदे खणले, हजारो मजूर वर्षानुवर्षं राबले, काहींनी जीवही दिले. तेव्हा कुठे पाणी वळलं. माणूस वळवायची वेळ आली की मात्र आपण म्हणतो, त्याच्या मनात असेल तर सोडेल. सुधाकराच्या मनात होतं. गडकऱ्यांनी ते अगदी स्वच्छ लिहिलं आहे.

प्रयोगानंतर सामान आवरताना मी प्रॉम्प्टर गृहस्थांना विचारलं, "काका, तिथे तुमचा आवाज का गेला?" ते वही दोरीनं बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "बाई, मी सोडलीन तवा लय जनांनी मला इचारलान, आता परत पिनार नाय ना? टपरीवाल्यानं येवडंच इचारलान, उद्या किती वाजता येशील? दारूचं नाव पन काढलान नाय." मग ते पेला फडक्यात गुंडाळायला लागले.

दोन प्रश्नांतला हा फरक मी पुढे कुठल्याही समीक्षेत वाचला नाही. पहिला प्रश्न माणसाला त्याच्या पापापाशी उभा करून ठेवतो, वर चांगुलपणाचा आव आणून. दुसरा त्याला उद्याचा दिवस देतो. मंचावरच्या त्या गृहस्थांपैकी एकानं दुसरा प्रश्न विचारला असता तर नाटक तिथेच संपलं असतं, आणि मराठी रंगभूमीची एक थोर शोकांतिका लिहायची राहून गेली असती. मला ते चाललं असतं.

वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले, वीजघर महानिर्मितीकडे आलं, पिढी बदलली. 'एकच प्याला'चे प्रयोग मात्र महाराष्ट्रात कुठे ना कुठे होत राहतील, शंभर वर्षं झाली तरी ते नाटक उतरलेलं नाही. तेव्हा जी हौशी मंडळी ते बसवायला घेतील त्यांना माझं सांगणं आहे: वेळ कमी असेल तर पदं कमी करा, विनोदाचे प्रवेश आवरा, सिंधूचे संवाद छाटा, माझी हरकत नाही. सुधाकर काम मागायला जातो तो प्रवेश कापू नका. आणि दिवे असे लावा की पुढच्या दोन-तीन रांगा नटांना दिसतील.